पेटीतला समुद्र

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय निघेल याचा नेम नसतो. यंदा निघाला माझा लहानपणचा व्ह्यू-मास्टर. लाल प्लास्टिकची पेटी, बाजूला खटका, आणि पुठ्ठ्याच्या पाकिटात तीनचार गोल चकत्या. एका चकतीवर चौदा इवलीशी चित्रं असायची, पण खटका सातदा दाबला की पहिलं चित्र परत यायचं. बाकीची सात कुठे जातात, हा हिशेब मला बरीच वर्षं लागला नव्हता. (पुढे डिबगिंग करून पोट भरणार, याची लक्षणं काही तेव्हा दिसत नव्हती!)

पेटी पुसून डोळ्यांना लावली आणि एकदम आजी आठवली.

आजी अकोल्याची. तिनं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हे खेळणं घेऊन तिच्याकडे गेलो आणि तिला ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवलं. चकती कुठल्याशा परदेशी किनाऱ्याची होती. पुढे एक कठडा, मग रंगीत छत्र्या आणि मागे निळं पाणी. आजीनं पेटी डोळ्यांना लावली आणि दुसरा हात पुढे करून हवेत तो कठडा चाचपला. आम्ही पोरं खो खो हसलो. तिनं मात्र सातही चित्रं सावकाश पाहिली, पेटी खाली ठेवली आणि म्हणाली, "एथंच तं दिसून राह्यलं सारं. मंग तिकडं कायले जाचं?"

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. उत्तर काही सुचलं नाही. पण हाच प्रश्न बॉस्टनच्या एका विद्वान डॉक्टरलाही पडला होता, आणि तोही १८५९ साली! त्याच्याकडे येतोच. पण त्याआधी ही पेटी आली कुठून ते बघू.

गोष्ट सुरू होते १८३८ मध्ये. लंडनच्या किंग्ज कॉलेजात चार्ल्स व्हीटस्टन नावाचे प्राध्यापक होते. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना व्हीटस्टन ब्रिज आठवत असेल, तेच हे.) आपले दोन डोळे साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे प्रत्येकाला समोरची वस्तू किंचित वेगळी दिसते आणि मेंदू या दोन चित्रांतल्या फरकावरून खोली ओळखतो, हे त्यांनी रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिलं. पुराव्यादाखल त्यांनी एक उपकरण बनवलं. दोन तिरपे आरसे, दोन बाजूंना दोन चित्रं. यंत्राचं नाव स्टीरिओस्कोप.

गंमत म्हणजे त्यात बघायला फोटो नव्हते, कारण फोटोग्राफीची घोषणाच झाली १८३९ मध्ये. व्हीटस्टन यांनी घन, शंकू असल्या आकृत्या हातानं काढून वापरल्या. म्हणजे हार्डवेअर आधी आलं आणि कंटेंट नंतर.

ते आरशांचं यंत्र टेबलभर मोठं होतं. १८४९ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगं वापरली आणि सगळा कारभार हातात मावेल अशा पेटीत बसवला. (कॅलिडोस्कोपही यांचाच.) ब्रिटिश कारागिरांनी फारसा रस दाखवला नाही, तेव्हा ते पॅरिसला द्युबॉस्क यांच्याकडे गेले. द्युबॉस्क यांनी पेट्या बनवल्या आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडल्या. तिथे राणी व्हिक्टोरियानं पेटीत डोकावून कौतुक केलं. मग काय, राणीला आवडलेली वस्तू दिवाणखान्यात हवीच! पुढे श्रेय कुणाचं यावरून ब्रूस्टर आणि व्हीटस्टन टाइम्स वृत्तपत्रात पत्रं लिहून भांडले, पण तोवर धंदा दोघांच्याही हातातून निघून गेला होता. १८५४ मध्ये लंडन स्टीरिओस्कोपिक कंपनी निघाली. तिचं घोषवाक्य होतं, स्टीरिओस्कोप नाही असं एकही घर नको. तिचा संस्थापक जॉर्ज स्वान नॉटेज या धंद्यात इतका वर गेला की १८८४ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

आता पेटी बाजूला ठेवू आणि समुद्राकडे जाऊ.

किनाऱ्यावर मजा करायला जायचं ही कल्पना आपल्याला जन्मजात वाटते, पण ती तशी नाही. इंग्लंडमध्ये समुद्र हा कोळ्यांचा, खलाशांचा आणि वादळांचा. धडधाकट माणूस तिथे उगाच जाऊन बसत नसे. अठराव्या शतकात डॉक्टरांनी हे बदललं. ब्रायटनजवळच्या रिचर्ड रसेल या डॉक्टरनं १७५० मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. गाठी-सुजांवर उपाय काय, तर समुद्रात बुडी मारा आणि तेच पाणी प्या! चाकांवरच्या लाकडी खोल्या घोड्यानं पाण्यात ओढून न्यायच्या आणि आतून थेट पाण्यात उतरायचं, अशी प्रथा पडली. खुद्द राणी व्हिक्टोरिया १८४७ मध्ये अशाच एका खोलीतून पहिल्यांदा समुद्रात उतरली.

डॉक्टरांपाठोपाठ राजपुत्र आला. पुढे चौथा जॉर्ज झालेला युवराज १७८३ पासून ब्रायटनला जाऊ लागला आणि ते गाव फॅशनेबल झालं. पण खरी उलथापालथ केली रेल्वेनं. ब्रायटन १८४१, स्कारबरो १८४५, ब्लॅकपूल १८४६ अशी एकेका गावाला गाडी पोचली. लंडनहून ब्रायटनला घोडागाडीनं पाचेक तास लागायचे, ते दोनेक तासांवर आले. १८५१ च्या जनगणनेत दिसलं की गेल्या पन्नास वर्षांत हवापालटाची गावं कारखान्यांच्या शहरांपेक्षाही वेगानं वाढली होती. आणि १८७१ मध्ये बँक हॉलिडेचा कायदा झाला, तेव्हा कारकून-कामगारांना कॅलेंडरवर ठरलेली सुट्टी मिळाली. लाँग वीकेंडची सुरुवात इथलीच म्हणा ना.

तर १८५० च्या दशकात एकाच वेळी दोन गोष्टी घडत होत्या. घरोघरी पेट्या होत्या, त्यांना नवनवीन चित्रं हवी होती. आणि किनाऱ्यावर गावं वाढत होती, त्यांना गिऱ्हाईक हवं होतं. दोघांची गाठ पडणार हे उघड होतं.

फक्त एक अडचण होती. समुद्राचा फोटो काढणं भयंकर अवघड होतं.

पहिली अडचण वेळेची. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानं ओल्या कलोडियनची पद्धत काढली. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे फोटोग्राफरनं अंधाराचा तंबूच बरोबर न्यायचा. किनाऱ्यावरचा वारा आणि उडती वाळू लक्षात घ्या, म्हणजे कल्पना येईल. एवढं करून साध्या देखाव्यालाही काही सेकंद लागत. तेवढ्यात लाटा येऊन-जाऊन त्यांचं धुकं होई. शिवाय त्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे आकाश पांढरंफटक. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे मोठाले फोटो काढून लोकांना थक्क केलं, पण त्यातल्या काहींत आकाश एका काचेवरचं आणि पाणी दुसऱ्या! म्हणजे फोटोशॉप आपल्याला वाटतं त्याहून जुनं आहे.

इथे स्टीरिओला एक आयता फायदा मिळाला. त्याची चित्रं लहान, त्यामुळे भिंगही कमी फोकल लेंग्थचं. अशा भिंगातून त्याच मापाच्या छिद्रानं काचेवर दाट उजेड पडतो, म्हणजे वेळ कमी लागतो. सुरुवातीला एकच कॅमेरा असे. एक फोटो काढून तो थोडा बाजूला सरकवायचा आणि दुसरा काढायचा. डोंगराला हे चालतं, लाटेला नाही, कारण दुसऱ्या फोटोत लाट दुसरीच असते. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८५६ मध्ये दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं आणि दोन्ही डोळ्यांची चित्रं एकाच क्षणी घेता येऊ लागली. १८५९ च्या सुमारास अ‍ॅबर्डीनचा जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन चालती माणसं, गाड्या, लाटा सेकंदाच्या अंशात पकडू लागला. 'क्षणचित्र' असं लिहिलेली कार्डं लोक मुद्दाम मागून घेऊ लागले. फुटता फुटता थांबलेली लाट, आणि तीही उठावदार! आपण स्लो-मोशन व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा जे वाटलं असेल, तसंच काहीसं.

दुसरी अडचण मात्र यंत्रानं सुटणारी नव्हती, कारण ती भूमितीची होती. जरा आकडे बघा. डोळ्यांमधलं अंतर साडेसहा सेंटिमीटर. वस्तू एक मीटरवर असेल तर दोन डोळ्यांच्या नजरेत सुमारे ३.७ अंशांचा कोन होतो. दहा मीटरवर ०.३७ अंश, शंभर मीटरवर ०.०३७. दोनचारशे मीटरच्या पुढे फरक इतका क्षुल्लक होतो की सगळं सपाट पडद्यावर रंगवल्यासारखं दिसतं. आणि समुद्र तर तिथून पुढेच जास्त असतो! ज्या यंत्राचं सगळं मोल खोली दाखवण्यात, त्याच्या दृष्टीनं अथांग समुद्र म्हणजे एक सपाट पडदा.

मग फोटोग्राफरांनी काय केलं? त्यांनी जवळचं काहीतरी चौकटीत आणलं. खडक, उलटी ठेवलेली होडी, जाळी दुरुस्त करणारा कोळी, कठड्याला टेकलेली छत्रीवाली बाई. आणि सगळ्यात लाडका विषय म्हणजे पिअर, समुद्रात दूरवर गेलेला खांबांवरचा धक्का. खांबांची ती लांबच लांब रांग पेटीत काय सुंदर दिसते! १८६३ चा ब्लॅकपूलचा, १८६६ चा ब्रायटनचा पश्चिमेकडचा, असे एकामागून एक धक्के युजीनियस बर्च या एकाच इंजिनियरनं बांधले. माणसं पायी समुद्रावर चालत जाऊन परत येतील, एवढाच मुख्य उद्देश. म्हणजे लोक पेटीत समुद्र म्हणून बघत होते तो खरं तर किनारा होता. समुद्र मागचा पडदा, आणि पुढे कठडे, बाकडी, धक्के, माणसं. माझ्या मते हीच यातली मोठी गोष्ट आहे. समुद्राला जायचं म्हणजे नेमकं काय बघायचं आणि कुठे उभं राहायचं, हे या कार्डांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं.

उत्तर वेल्समधलं लँडिड्नोच घ्या. तिथे टेकडीवर तांब्याच्या खाणी होत्या, खाली खाणकामगारांची नि कोळ्यांची वस्ती आणि पाणथळ जमीन. मोस्टिन घराण्याच्या मालकीची ती जागा १८४९ च्या सुमारास आखून प्लॉट पाडले गेले. अर्धचंद्राकार किनारा, त्याला धरून रुंद रस्ता, एका रांगेत हॉटेलं. १८५८ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये मोठा पिअर. याच काळात लंडनचा फ्रान्सिस बेडफर्ड, जो आधी शिळाछापाचा कारागीर होता, उत्तर वेल्स आणि डेव्हनशरच्या स्टीरिओ मालिका काढत होता. असली कार्डं त्या त्या गावात आठवण म्हणून विकली जात आणि दूरच्या शहरात हौस म्हणून. हिवाळ्याच्या रात्री कुणी दिवाणखान्यात बसून ती बघे आणि उन्हाळ्यात तिकीट काढून त्याच टेकडीवर, जवळपास त्याच जागी जाऊन उभा राही. आपण ज्याला आज व्ह्यू पॉइंट म्हणतो, तो असा तिपाईच्या पायांनी ठरला.

आता येऊ त्या बॉस्टनच्या डॉक्टरकडे. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८५९ मध्ये अटलांटिक मासिकात स्टीरिओस्कोपवर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तूचं रूप आता वस्तूपासून सुटं झालंय. वस्तू एका जागी खिळलेली आणि महाग, रूप स्वस्त आणि कुठेही नेता येणारं. चांगली निगेटिव्हं काढून घ्या आणि मग मूळ वस्तू हवी तर पाडून टाका, इतकंच काय ते हवंय! यात विनोद होता, पण नुसता विनोद नव्हता. जगातल्या सगळ्या चित्रांची ग्रंथालयं होतील, लोक तिथे जाऊन हवं ते मागून बघतील, असंही त्यांनी लिहिलं. १८५९ मध्ये! पुढे त्यांनीच हातात धरायचा हलका, स्वस्त स्टीरिओस्कोप बनवला आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही. (ओपन सोर्सवाल्यांनी टोपी काढावी.) उलट त्याच वर्षी पॅरिसमध्ये बोदलेअर या भोकांना डोळे लावून बसलेल्या हजारो अधाशी लोकांवर चिडून लिहीत होता.

एथंच तं दिसून राह्यलं सारं. आजी आणि होम्स यांचा मुद्दा एकच.

मग झालं काय? चित्रं घरी आल्यावर गाड्या रिकाम्या धावल्या का? मुळीच नाही. कार्डं वाढली तशी गर्दीही वाढली. चित्रानं भूक भागण्याऐवजी ती चाळवली, आणि कुठे जाऊन भागवायची तेही ठरवून दिलं. पण यात होम्स सपशेल चुकले असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसालाही शेवटी ते रूपच तर हवं होतं. कार्डात होतं तसं दिसलं की सहल वसूल. कार्डात वास नव्हता, म्हणून उघड्यावर सुटणाऱ्या गटारांचा वास नव्हता. जाळी शिवणारा कोळी कार्डात छान दिसे, पण त्याची होडी ओढायची जागा फेरफटक्याच्या रस्त्याखाली गेली तर ते कार्डात दिसायचं कारण नव्हतं.

मीही तेच करतो, म्हणून बोलतोय. मागच्या खेपेला कोकणात गेलो तेव्हा सूर्यास्ताची सगळी वीस मिनिटं मी फोनच्या पडद्याकडे बघत होतो. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचा समुद्र कसा छान धूसर होतो, म्हणून! आणि तो धूसर कसा होतो? बऱ्याच फोनमध्ये दोन भिंगांच्या चित्रांतला फरक मोजून. व्हीटस्टन यांचंच गणित. फक्त त्यांना मागचं उठावदार करायचं होतं आणि आपण ते पुसून टाकतो.

पुढची गोष्ट पटकन सांगतो. १८६० नंतर माणसांच्या छोट्या फोटो-कार्डांची लाट आली आणि ब्रिटनमधला पेटीचा पहिला भर ओसरला. अमेरिकेत मात्र तिला दुसरा जन्म मिळाला. अंडरवुड अँड अंडरवुड कंपनी देशोदेशीच्या सहली पेटीत भरून विकू लागली. १९०७ मध्ये जेम्स रिकल्टन यांची भारताची सहल आली, शंभर कार्डं आणि एक पुस्तक, त्यात आपली मुंबईही. बरोबर नकाशे, आणि तुम्ही नेमके कुठे उभे आहात, कुठवर बघताय, त्याच्या त्यावर रेघा! पुढे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात व्ह्यू-मास्टर आला. लंडनची जुनी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तिचं नाव २००८ मध्ये पुन्हा जिवंत केलं ते क्वीन बँडच्या ब्रायन मे यांनी, त्यांना या कार्डांचं जबरदस्त वेड. ब्रायटनचा तो पश्चिमेकडचा पिअर १९७५ मध्ये बंद झाला आणि २००३ मध्ये दोनदा जळला. आता पाण्यात लोखंडी सांगाडा उभा आहे. जुन्या कार्डांत मात्र अजून चालत जाता येतं. होम्स यांनी ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

आजीचं राहिलं. मी आठवीत असताना ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकांकडे मुंबईला आली. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी काका आम्हाला सगळ्यांना जुहूला घेऊन गेले. भेळवाले, फुगेवाले, घोडे, नेहमीचा गोंधळ. मी मनात म्हटलं, आता ही म्हणणार, पेटीतला बरा होता. आजीनं लांबवरच्या पाण्याकडे फारसं बघितलंच नाही. काकांचा हात धरून ती पुढे गेली, नऊवारीचा काठ भिजेपर्यंत आत गेली, वाकली, ओंजळभर पाणी घेतलं आणि आम्ही नको नको म्हणेस्तोवर तोंडात घातलं. पचकन थुंकली.

"खरंच खारं हाय वो," काकांना म्हणाली. आणि परत वाकली.

असो. व्ह्यू-मास्टर पुसून टेबलावर ठेवलाय. खटका जरा अडकतो, पण चालतोय. काल मुलीनं उजेडाकडे तोंड करून बघितला आणि विचारलं, "बाबा, यात आवाज कुठून येतो?"